खोक्यातला कागद

औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला एक कागद असतो. तो कोणी वाचत नाही. लोक खोकं काउंटरवरच फोडतात, औषध खिशात टाकतात आणि कागद तिथंच सोडून जातात. घाटकोपरला भटवाडीच्या तोंडाशी माझं मेडिकल आहे. बावीस वर्षं मी ते कागद गोळा करून केराच्या डब्यात टाकत आलोय. तो कागद कधीही न टाकणारं गिऱ्हाईक मला एकच भेटलं. गावडे मावशी.

मावशी खोकं उघडायच्या, औषध बाजूला ठेवायच्या आणि कागद उजेडात धरायच्या. वाचायला नव्हे. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. त्या घडी बघायच्या.

“मशीनची,” असं म्हणून नाक मुरडायच्या. नाहीतर, “ही हातची आसा. पण पोरगी नवी. कोपरो बघ कसो सुटलो.” मग चष्मा कपाळावर सरकवून कागद सबंध उलगडायच्या, काउंटरवर पसरायच्या आणि परत घडी घालायच्या. आडव्या दोन, उभ्या तीन. प्रत्येक घडीवरून उजव्या अंगठ्याचं नख फिरायचं, सर्र करून. ते नख बाकीच्या नखांसारखं नव्हतं. जाड, पिवळट आणि एका बाजूनं झिजून सपाट झालेलं. मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली असायची. एखादा म्हणायचा, “ओ मावशी, जरा आटपा ना.” मावशी मान न वळवता उत्तर द्यायच्या, “मरणाची घाई आसा तर हयसर कित्याक इलास? औषध नको घेव, सरळ जा.”

साकीनाक्याच्या एका गाळ्यात त्यांनी एकतीस वर्षं या कागदांना घड्या घातल्या होत्या. छापखान्यातून कागद कापून यायचे. लांबलचक टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून बायका घड्या घालायच्या, शंभराचे गठ्ठे बांधायच्या आणि ते गठ्ठे औषधांच्या कंपन्यांकडे जायचे. नवरा तरुणपणीच गेला. प्रकाशला, म्हणजे एकुलत्या मुलाला, त्यांनी या घड्यांवर वाढवला आणि वायरमन केला. निवृत्त झाल्यावरही गाळ्यात त्यांची खुर्ची राहिली. नव्या मुलींना शिकवायला म्हणून त्या रोज जायच्या, डबा घेऊन, सकाळची पहिली मेट्रो पकडल्यासारख्या घाईत. कोणी विचारलं, “आता काय गरज आहे, मावशी?” तर म्हणायच्या, “घरात बसलंय तर सून माझी घडी घालतली.”

त्यांची सून वैशाली चांगली होती. पण हे वाक्य त्यांना आवडायचं.

गाळ्यातल्या दोन गोष्टी त्या पुन्हा पुन्हा सांगायच्या. पहिली चावीची. गाळ्याला बायकांसाठी एकच संडास आणि त्याची चावी सुपरवायझरच्या टेबलाच्या खणात. लागली की बाईनं त्याच्यासमोर जाऊन उभं राहायचं, त्यानं घड्याळ बघायचं, मग खण उघडायचा. नव्या मुली दिवसभर पाणीच प्यायच्या नाहीत. एक दिवस मावशी चावी घेऊन गेल्या आणि परत आल्यावर ती खणात न देता बायकांच्या टेबलाच्या वर भिंतीत खिळा ठोकून तिथं लटकवली. सुपरवायझर ओरडत आला. मावशी घड्या घालत राहिल्या. म्हणाल्या, “ही चावी हयसर ऱ्हवतली. तुका लागली तर तू आमच्याकडे मागून घी.” सगळ्या बायका हसल्या आणि चावी तिथंच राहिली. मावशी सांगायच्या की त्या निवृत्त झाल्या तेव्हाही ती त्याच खिळ्यावर होती.

दुसरी गोष्ट सांगताना त्या हसत नसत. एकदा एका गठ्ठ्यात दुसऱ्याच औषधाचा कागद आला. मावशींना अक्षरं येत नव्हती, पण नावाचा आकार डोळ्यांत बसलेला असायचा. एक कागद हाताला वेगळा वाटला, उलगडून बघितला तर नावाचा आकार दुसरा. माल गाडीत चढत होता. मावशींनी गाडी थांबवली आणि बांधलेले सगळे गठ्ठे सोडायला लावले. सुपरवायझर म्हणाला, “एक कागद, बाई. एका कागदानं काय होतंय? वाचतं कोण?” मावशी म्हणाल्या, “जो वाचतलो तो मरतलो.” त्या दिवशी सगळ्या बायकांनी उशिरापर्यंत थांबून एकेक कागद तपासला. आणखी चार सापडले.

मला ही गोष्ट पाठ होती. हे आधीच सांगून ठेवतो.

मावशींना शुगर होतीच, पासष्टीच्या आसपास लघवीचा त्रासही सुरू झाला. जळजळ, सारखं जावंसं वाटणं, दर दीड-दोन महिन्यांनी ताप. चाळीतला संडास ओळीच्या टोकाला. त्या बादली घेऊन निघायच्या आणि पोचेपर्यंत कधीकधी उशीर झालेला असायचा. हे मला त्यांनी सांगितलं नव्हतं, वैशालीनं माझ्या बायकोला सांगितलं. शेवटी वैशालीच त्यांना एका बाईडॉक्टरकडे घेऊन गेली. त्यांनी तपासून एक क्रीम लिहून दिलं.

योनीत लावायचं क्रीम. शेवटी लिहिला मी तो शब्द. बावीस वर्षं औषधं विकली, पण काउंटरवर हा शब्द मराठीत एकदाही उच्चारला नाही. “खाली लावायचं” असं म्हणायचं, नजर बिलावर ठेवायची आणि काळ्या पिशवीत घालून द्यायचं. पाळी गेल्यावर बाईच्या शरीरातलं इस्ट्रोजेन उतरतं, तिथली त्वचा पातळ आणि कोरडी होते, जंतू पटकन धरतात, म्हणून लघवीचा त्रास वारंवार होतो. क्रीममध्ये थोडंसं इस्ट्रोजेन असतं, ते जागच्या जागी काम करतं. दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा. हे सगळं मला माहीत होतं. मावशींना मी एवढंच सांगितलं, “झोपताना. आधी दोन आठवडे रोज.”

क्रीमचा गुण आला. दोन-अडीच महिन्यांत मावशी पूर्वीसारख्या झाल्या. गाळ्यात जायला लागल्या, त्या मे महिन्यात बसनं गावी जाऊन आल्या. आल्यावर माझ्यासाठी फणसाची साटं आणली. ती मला द्यायच्या आधी काउंटरवर टेकून हळूच म्हणाल्या, “अख्खी रात्र बसमधी बसलंय. एकदाच उतरलंय. तुझ्या त्या ट्यूबीक नमस्कार.” एवढं मोकळं त्या माझ्याशी पहिल्यांदाच बोलल्या होत्या. मी पंख्याच्या बटणाशी चाळा करत राहिलो.

गणपतीच्या आधी पुढची ट्यूब घ्यायला त्या आल्या. दुकानात चार-पाच माणसं होती, त्यात चाळीतलाच एक शेजारी. मावशींनी नेहमीप्रमाणे कागद काढला, घडी बघितली, उलगडला. आणि त्या दिवशी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, तो माझ्याकडे फिरवला.

“सुहासा, बाईडॉक्टर म्हणता, लावत ऱ्हव. बंद करू नको. आता आठ म्हयने झाले. किती वर्सां लावूची? अशी काय जन्मभर लावतत? वाच बघू, काय छापलेला आसा. एकतीस वर्सां घडये घातलंय, आत काय लिवलेला आसता तां कोणी सांगूक नाय.”

मी कागद घेतला. सुरुवातीलाच जाड काळ्या रेघांची चौकट होती. मधल्या भागात कशासाठी, कुठं, किती लावायचं ते होतं. ते वाचायचं म्हणजे शेजाऱ्यासमोर ते शब्द बोलायचे. चौकटीतले शब्द बोलायला सोपे होते. कॅन्सर हा शब्द कोणासमोरही बोलता येतो.

“हार्मोन आहे, मावशी,” मी म्हणालो. “गर्भाशयाचा कॅन्सर, छातीचा कॅन्सर, हार्ट, लकवा, विसराळूपणा... असं सगळं होऊ शकतं म्हणून लिहिलंय. कमीत कमी दिवस वापरा म्हणतात.”

“खंय लिवला हा?”

मी बोट ठेवलं.

“चौकटीत?”

“चौकटीत.”

मावशी त्या चौकटीकडे बघत राहिल्या. गाळ्यात चौकटवाला कागद वेगळा धरायचे. चौकटीची रेघ जरा पुसट आली तरी पुरा गठ्ठा परत जायचा. “चौकटीतला म्हणजे सगळ्यात खरा,” त्या म्हणाल्या. मग ट्यूब माझ्याकडे सरकवली. “ठेव ही. त्या बाईन माका येवढा कायच सांगूक नाय. तू बरो. तू वाचून तरी दाखवलंस.”

शेजारी म्हणाला, “बरोबर आहे, हार्मोनच्या नादाला लागू नये.” मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. कोणाला तरी वाचवलं असं वाटलं. डॉक्टरांना एकदा विचारून घ्या, एवढं एक वाक्य मी बोलायला हवं होतं. त्याऐवजी त्यांनी घडी घालायच्या आत मीच तो कागद मुडपून खोक्यात कोंबला. मावशी बघत होत्या.

दीड महिन्यात पहिला ताप आला. मग दुसरा. मावशी त्या बाईडॉक्टरकडे परत गेल्याच नाहीत. वैशाली धावत यायची आणि मी अँटिबायोटिक द्यायचो. पहिल्यांदा जुन्या चिठ्ठीवर, मग चिठ्ठीशिवाय. चार दिवस बरं, मग तेच. त्या आता दुकानात यायच्या तेव्हा कागद काढायच्या खऱ्या, पण घडी अर्धीच घालून पिशवीत टाकायच्या आणि घाईनं घराकडे निघायच्या. का घाई ते मला कळत होतं.

दिवाळीच्या आठवडाभर आधी मुलुंडला आम्हा औषधवाल्यांसाठी एक व्याख्यान होतं. मी नाश्त्यासाठी गेलो होतो असं म्हटलं तरी चालेल. बोलायला एक वयस्कर स्त्रीरोगतज्ज्ञ होत्या. त्यांनी नेमका तोच कागद पडद्यावर दाखवला. म्हणाल्या, ही चौकट आली ती तोंडानं घ्यायच्या, मोठ्या डोसच्या हार्मोनच्या गोळ्यांवरून. या क्रीमवरही तीच छापली गेली. कमी डोसचं क्रीम जागेवर लावलं तर रक्तात जवळजवळ काहीच जात नाही. त्यानं कॅन्सर वाढतो असं आजवर दिसलेलं नाही. बहुतेक बायकांना ते वर्षानुवर्षं वापरता येतं, कारण बंद केलं की त्रास परत येतो. छातीचा कॅन्सर होऊन गेला असेल तर त्यांच्या डॉक्टरांनी ठरवायचं, आणि पाळी गेल्यावर कधीही रक्त दिसलं तर लगेच यायचं. मग समोर बघून त्या म्हणाल्या, “बायका मला विचारत नाहीत. तुम्हाला विचारतात. तुम्ही चौकट वाचून दाखवता आणि त्या घरी जाऊन सोसत बसतात.”

हॉलमध्ये आम्ही सत्तर-ऐंशी जण होतो. तरी मी मान खाली घातली.

आता मी कुणालाही हे सगळं सांगतो. दुकान भरलेलं असलं तरी बाईला बाजूला बोलावतो, शब्द न गाळता सांगतो आणि डॉक्टरांना विचारायला लावतो. पण त्या वेळी मला फक्त एका बाईला सांगायचं होतं. घर माझ्या दुकानापासून चार मिनिटांवर. मी सांगितलं नाही. दिवाळीत सांगू म्हटलं, घरात पाहुणे होते. मग प्रकाश दुकानात आला. म्हणाला, “आईनं गाळा सोडला. मेट्रोत तिला... जाऊ दे. तुम्ही सांगितलंत म्हणून ते हार्मोन तरी बंद झालं. थँक्यू, सुहासदादा.” मी त्याला म्हणालो, “काळजी घ्या.” वस्तीत मला अर्धे लोक डॉक्टर म्हणतात. ते मला आवडतं. हे एवढंच कारण आहे, दुसरं शोधून सापडलं नाही.

संक्रांतीला मात्र मी गेलो. एका खिशात तिळगूळ, दुसऱ्यात ट्यूब. मावशी खाटेवर बसून जुन्या वर्तमानपत्राच्या पिशव्या करत होत्या, हात रिकामा राहू नये म्हणून. बारीक झाल्या होत्या. मला बघून तोंड फुललं. “वैशाली, च्या टाक गो! दुकान सोडून इलो हा बाबा, सूर्य खंय उगवलो?”

वैशालीनं चहा टाकला. प्रकाश घरीच होता, टीव्ही बघत. एका खोलीचं घर. मावशींनी पाणी नको म्हणून हात केला. वैशाली म्हणाली, “बघा ना, पाणीच पीत नाहीत. जावं लागतं म्हणून.” मला त्या खिळ्यावरच्या चावीची आठवण झाली. ज्या बाईनं सगळ्यांना पाणी प्यायला लावलं होतं ती आता घोट मोजत होती.

खिशातली ट्यूब माझ्या मांडीला लागत होती. मी तोंड उघडलं. प्रकाशनं टीव्हीचा आवाज कमी केला, माझ्याकडे बघितलं. आणि मी म्हणालो, “तिळगूळ घ्या मावशी, गोड बोला.”

“मी आणि गोड?” मावशी म्हणाल्या, आणि हसल्या.

ट्यूब माझ्याबरोबर परत आली.

होळीच्या तीन दिवस आधी त्यांना हॉस्पिटलात नेलं. थंडी वाजून ताप, असंबद्ध बोलणं. लघवीतला जंतू मूत्रपिंडात आणि तिथून रक्तात गेला होता. मी वॉर्डातल्या डॉक्टरांना विचारलं, क्रीम चालू असतं तर? तरुण डॉक्टर होते. म्हणाले, “सांगता येणार नाही. वय आहे, शुगर आहे. असंही झालं असतं, कदाचित नसतंही.” या उत्तरातला मला हवा तो अर्धा भाग मी पुष्कळदा घेऊन बघितला. तो टिकत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप उतरला होता आणि त्या शुद्धीवर होत्या. वैशाली चहा आणायला खाली गेली. मी स्टूल ओढून बसलो. खिशातून कागद काढला. त्याच क्रीमचा कागद, मी त्या दिवशी मुडपलेला. ती ट्यूब मी परत कोणाला विकली नव्हती.

“मावशी, तुम्हाला मी वाचून दाखवलं ना, चौकटीतलं. ते या क्रीमचं नव्हतं. तोंडानं घ्यायच्या गोळ्यांचं होतं. यावरही तेच छापलंय. तुम्ही ते लावत राहिला असता तरी चाललं असतं.”

त्यांनी डोळे माझ्यावर आणले. वेळ लागला.

“म्हणजे चुकीचो कागद गेलो.”

“हो.”

“खोक्यात.”

“खोक्यात. आणि मी तोच वाचला.”

पलीकडच्या खाटेवर कोणाची तरी मुलगी केस विंचरत होती. मग त्यांनी विचारलं, “तुका कधी कळला?”

हा प्रश्न त्या विचारतील हे मला माहीत होतं. गाळ्यातही त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला असता.

“दिवाळीच्या आधी.”

“आता शिमगो ना रे?”

“हो. परवा होळी.”

त्यांनी महिने मोजले की नाही, मला सांगता येणार नाही. ओठ हलले एवढं दिसलं. मी म्हणालो, “मावशी, मला बोलायला...” त्यांनी सलाईन लावलेला हात वर केला. गप्प बस म्हणून, असं मला वाटलं. पण तो हात तसाच पुढे आला, तळवा वर करून.

“दी तो कागद.”

मी दिला. त्यांनी तो छातीवर पसरला आणि माझ्या मुडपलेल्या खुणा तळव्यानं हळूहळू सपाट केल्या. मग घडी घालायला घेतली. पहिली आडवी आली. दुसरी आली. नख फिरवलं, पण सर्र असा आवाज झाला नाही. उभी घालताना सुई टोचलेला हात वळेना. त्यांनी दोनदा प्रयत्न केला. मग कागद माझ्यापुढे धरला.

“दाब जरा.”

मी अंगठ्यानं दाबली. उरलेल्या दोन्ही घड्या मीच घातल्या, त्या बघत होत्या म्हणून शक्य तितक्या जपून. घालून झाल्यावर त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा नसलेल्या डोळ्यांनी ती उजेडाकडे धरली, इतकी वर्षं काउंटरवर धरायच्या तशी.

“वाकडी इली,” म्हणत त्यांनी ती माझ्या हातात परत दिली. “उघड. परत घाल.”

भेटायची वेळ संपल्याची घंटा झाली. आयाबाई खाटांमधून सगळ्यांना बाहेर काढत आली. मी उठलो. दारातून वळून बघितलं तेव्हा मावशी कुशीवर झाल्या होत्या आणि चादरीच्या काठावरून अंगठ्याचं नख फिरवत होत्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि पुन्हा पहिल्यापासून.

कागद माझ्या हातात राहिला होता. उघडायचा होता, तो उघडला नाही.